नगरपित्यांची परिषद आणि इंदूरची दिवाळी



नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले किंवा गल्लीतला दिवा गेला, की आपण सर्वांत आधी काय करतो? म्युनिसिपालिटीच्या नावाने बोटे मोडतो. त्यात वावगे काही आहे असे मी म्हणत नाही. कर देणाऱ्याला तेवढा हक्क असलाच पाहिजे. परंतु गाव चालवायचे ते कोणत्या विचाराने, एका गावाला आलेली अडचण दुसऱ्या गावाने कशी सोडविली हे एकमेकांना कळावे कसे, हा प्रश्न माणसांनी कधी आणि कसा हाताळला, याचा इतिहास मात्र आपण वाचीत नाही. पानिपतावर कोणाची फौज कोठे उभी होती हे शाळेतले पोर सांगेल; आपल्या गावात पहिला नळ केव्हा आला हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगता येणार नाही. वास्तविक पानिपत एकदा झाले. नळाशी आपला संबंध रोज सकाळी येतो. म्हणून आज लढायांचा इतिहास बाजूस ठेवून नगरांचा इतिहास थोडा पाहावा असे मी योजिले आहे.

ही कथा सुरू होते आपल्यापासून फार दूर, बेल्जम देशातील गेंट या शहरात. साल १९१३. त्या वर्षी गेंट येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच निमित्ताने जुलैच्या अखेरीस तेथे नगरांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. निरनिराळ्या देशांतील महापौर, नगरसभासद, अभियंते, आरोग्याधिकारी आणि वास्तुशिल्पी असे एकत्र आले. राजे एकमेकांना भेटत, वकील तहनामे लिहीत, व्यापारी जत्रा भरवीत, हे सर्व पूर्वीपासून चालत आले होते. पण माझ्या गावाचे सांडपाणी मी असे काढतो, तुझ्या गावी तू काय करतोस, एवढे विचारण्यासाठी निरनिराळ्या देशांची नगरे एका छताखाली बसली, असा योग यापूर्वी क्वचितच आला असेल.

ज्या शहरात ही सभा भरली त्याची ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्या शहराच्या अंगावरच लिहिलेला होता. गेंट हे गिरण्यांचे गाव. सोलापूर किंवा मुंबईचे गिरणगाव ज्याने पाहिले आहे त्याला ते ओळखीचे वाटेल. सूत आणि ताग यांच्या गिरण्यांनी एकोणिसाव्या शतकात या गावाला पैसा दिला आणि धूरही दिला. तेथील सरदारांचा जुना भुईकोट किल्ला होता. त्यात देखील एक कापसाची गिरणी घातली गेली होती. मजूर राहत ते बंदिस्त वाड्यांत. एका अरुंद दारातून आत शिरावे, तर दोन्ही अंगांना लहान लहान घरांच्या रांगा, मध्ये बोळ, आणि सर्वांना मिळून एक पंप व मोजके संडास. आपल्या चाळीचीच ही फ्लेमिश बहीण. १८६६ साली गेंटमध्ये पटकीची साथ आली तेव्हा माणसे सर्वांत अधिक मेली ती या वाड्यांतून.

पुढे नगरपालिकेने गाव सुधारायचे मनावर घेतले. बाताव्हिया नावाचा असा एक मोठा वाडा जमीनदोस्त करून त्या जागी विद्यापीठाची भव्य इमारत उभी केली. किल्ल्यातील गिरणी हलवून त्याची डागडुजी केली. जुन्या देवळांना आणि घंटाघराला खेटून असलेली घरे काढून टाकली आणि त्या इमारती लांबून दिसाव्यात अशी मोकळी मैदाने केली. प्रदर्शनासाठी पाहुणे येणार होते. त्यांना गाव देखणे दिसावे हा हेतू. गाव खरोखरीच देखणे झाले. आजही प्रवासी ते पाहावयास जातात. मात्र त्या पाडलेल्या घरांतून जी माणसे राहत होती ती कोठे गेली, हे घंटाघराकडे पाहून कळत नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी वाड्यात दाटीने राहावयास गेली. हा प्रश्न लक्षात ठेवावा. आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

या परिषदेचे अध्यक्षपद गेंटचे महापौर एमिल ब्राउन यांच्याकडे होते. तिच्यामागे खटपट होती ती मुख्यतः एमिल व्हिंक या बेल्जियन समाजवादी सिनेटराची, आणि त्यांच्या जोडीला पॉल ओत्ले व आंरी ला फोंतेन या दोघा विद्वानांची. हे दोघे ग्रंथालयशास्त्रातले मोठे पुरुष. जगातील प्रत्येक पुस्तकाची नोंद एकेका चिठ्ठीवर करून ती सर्वांना उपलब्ध करावी, या ध्यासाने त्यांनी लाखो चिठ्ठ्या जमविल्या होत्या. ला फोंतेन यांना तर त्याच १९१३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकांची जशी नोंद, तशी नगरांच्या अनुभवाचीही नोंद असावी, ही त्यांची साधी पण दूरदृष्टीची कल्पना. एखाद्या गावाने ट्राम काढली, कत्तलखाना गावाबाहेर नेला, मजुरांसाठी घरे बांधली, तर त्याचा खर्च किती आला, कोठे फसले, काय साधले, हे दुसऱ्या गावाला पत्र टाकताच कळावे; प्रत्येकाने तीच चूक नव्याने करून पैसे दवडू नयेत. परिषदेचे काम दोन शाखांत वाटले होते. एकीत नगराची रचना, दुसरीत नगराचा कारभार. शेवटी नगरांचा एक कायमचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन करण्याचे ठरले आणि व्हिंक यांनी त्याचा भार उचलला.

आता या परिषदेबरोबर नगरांचे एक तौलनिक प्रदर्शनही मांडले होते, आणि त्या प्रदर्शनात एका स्कॉटिश प्राध्यापकाने आपली काही दालने थाटली होती. या गृहस्थांचे नाव पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४ चा. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या माणसावर याहून मोठे संकट कोणते येणार? तेव्हापासून त्यांचे लक्ष वनस्पतींवरून माणसांच्या वस्तीकडे अधिकाधिक वळले. १८८६ साली त्यांचे लग्न झाले आणि लवकरच हे जोडपे एडिंबरोच्या सुखवस्तू भागातले घर सोडून जुन्या गावातील एका पडक्या, गलिच्छ चौकात राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली, एखादी अगदी मोडकळीस आलेली खोली काढून उजेडाला वाट करून दिली. जवळच एका जुन्या मनोऱ्यावर त्यांनी १८९२ पासून आपले प्रसिद्ध नगरसंग्रहालय उभारले. वर चढून गेले की सारे शहर दिसे, आणि खाली उतरत येताना मजल्यागणिक शहर, देश, युरोप आणि जग यांची माहिती मिळे.

गेंटला त्यांनी मांडले ते नकाशे, जुनी चित्रे, आराखडे आणि तक्ते. गाव हे एखाद्या झाडासारखे वाढते. त्याची मुळे, त्याची माती, त्याच्या वाढीचा इतिहास हे समजून न घेता त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नये, हे त्या सर्वांचे सार. परिषदेच्या सभागृहात नगरपिते बोलत होते ते मोठ्या रस्त्यांविषयी. हा दाढीवाला प्राध्यापक त्यांना सांगत होता की आधी गावाची नाडी पाहा, मग औषध द्या. प्रदर्शनाचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले.

नंतर एक वर्षाने महायुद्ध पेटले. ऑक्टोबर १९१४ मध्ये गेंट जर्मन सैन्याच्या हाती गेले. ज्या देशांच्या महापौरांनी सांडपाण्यावर गप्पा मारल्या होत्या, त्यांच्याच देशांच्या तोफा एकमेकांची गावे उद्ध्वस्त करू लागल्या. नगरांचा संघ जवळजवळ कागदावरच राहिला. पुढची परिषद भरावयास १९२४ साल उजाडावे लागले, आणि ती ॲम्स्टरडॅम येथे भरली.

पण या कथेचा धागा आपल्याकडे वळतो तो याच वेळी. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडिस यांना आपले प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात येण्याचे आमंत्रण दिले. गेडिस आपल्या मुलासह, अलास्डेर याच्यासह, १९१४ च्या शरदात निघाले. प्रदर्शनाच्या पेट्या निराळ्या बोटीवर होत्या. तिचे नाव क्लॅन ग्रँट. त्या वेळी हिंदी महासागरात एम्डेन ही जर्मन लढाऊ बोट धुमाकूळ घालीत होती. मद्रासवर तिने सप्टेंबरात तोफा डागल्याच होत्या. ऑक्टोबरात मिनिकॉय बेटाच्या आसपास तिने क्लॅन ग्रँट गाठली आणि बुडविली. वर्षानुवर्षे जमविलेले नकाशे, चित्रे, गेंटला गाजलेला तो सगळा संसार समुद्राच्या तळाशी गेला. साठीचा माणूस, दुसरा कोणी असता तर परतीचे तिकीट काढता. गेडिस यांनी मायदेशी मित्रांना लिहिले, मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य गोळा केले, आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासच्या सेनेट हाउसमध्ये प्रदर्शन ठरल्याप्रमाणे उघडले.

हिंदुस्थानात त्या काळी नगरसुधारणेचा अर्थ काय होता, हे पाहावयास वीस वर्षे मागे गेले पाहिजे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी आढळला. थोड्याच महिन्यांत रोग पुण्यास पोहोचला. पुण्यात जे झाले ते आपल्याला ठाऊक आहे. प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर रँड यांनी गोऱ्या शिपायांकडून घरझडती सुरू केली. सोवळ्याच्या खोलीत, माजघरात, देवघरात बूट शिरले. बायकांना बाहेर उभे करण्यात आले, सामान रस्त्यावर आणून जाळण्यात आले, आजारी माणसाला घरच्यांच्या डोळ्यांदेखत उचलून नेण्यात आले. लोक रोगी लपवू लागले. सरकारला लपविलेला रोगी शोधावयाचा होता. सरकारच्याच रीतीने रोगी लपविण्याची चाल वाढली. १८९७ च्या बावीस जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या, त्या या संतापातून. त्याच प्लेगात मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता गेल्या होत्या. एकाच गावात, एकाच रोगाशी झुंजण्याच्या दोन रीती या वर्षी दिसल्या. एकीत शिपाई रोग्याला उचलीत होता, दुसरीत एक वृद्ध स्त्री त्याला उचलीत होती.

सरकारने मग दुसरा मार्ग काढला. १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या काढाव्या, समुद्रावरचा वारा गावात खेळेल असे रुंद रस्ते काढावे, नव्या जागी वस्ती वसवावी, हा त्याचा उद्देश. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे मार्ग त्याचेच. दादर-माटुंग्याची नीटनेटकी वस्तीही त्याचीच देणगी, आणि ती देणगी लहान नव्हे. पण मुंबईच्या इतिहासकारांनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे. ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. घर पडलेला हमाल दादरला बंगला बांधावयास जाणार नव्हता. तो कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हता. म्हणून तो शेजारच्या चाळीत शिरला आणि ती चाळ दुप्पट भरली. रोगट वस्ती नाहीशी झाली नाही. ती फक्त सरकली. गेंटच्या बाताव्हिया वाड्याचा प्रश्न आपल्याला येथे पुन्हा भेटला.

अशा वेळी गेडिस येथे आले. त्यांनी काय केले? ते चालले. गावोगाव पायी हिंडून त्यांनी घरे, विहिरी, देवळे, तलाव, झाडे पाहिली आणि अहवाल लिहिले. पन्नासाच्या आसपास गावांवर त्यांनी लिहिले असे मानतात. १९१५ साली मुंबई इलाख्यातील सहा गावांवर त्यांनी अहवाल दिला, त्यांत आपले ठाणे आणि वांद्रे होते. सुरत, भडोच, नडियाद आणि अहमदाबादही होते. भोसल्यांच्या तंजावरात किल्ल्यातील दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याची योजना होती. गेडिस यांनी घर आणि घर तपासले आणि दाखवून दिले की पुष्कळशी चांगली घरे न पाडताही तेथे हवा आणि उजेड आणता येतो. पडीक घर काढा, त्या जागी लहान चौक करा, एक झाड लावा, अडलेली वाट जोडा, आणि बाकीच्यांना राहू द्या. शस्त्रक्रिया करावयाची तर शरीर राखून करा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना पट्टीने आखलेल्या रस्त्यांचा राग होता तो कलेच्या नादाने नव्हे. हिशेबाने ते दाखवीत, की पाडण्याचा मार्ग महाग पडतो, आणि घर गमावणाऱ्या माणसाचे नुकसान त्या हिशेबात धरलेलेच नसते.

तलावांविषयीही असेच. डासांच्या भीतीने आरोग्यखाते जुनी तळी आणि विहिरी बुजवावयास निघाले होते. गेडिस म्हणत, तळे स्वच्छ करा आणि त्यात मासे सोडा. मासे अळ्या खातील, आणि तळे गावाला गारवा देईल, पावसाचे पाणी साठवील. आज पहिल्या जोरदार पावसातच आपली शहरे तुंबतात, आणि बुजविलेल्या तळ्यांच्या व ओढ्यांच्या जागी बांधलेल्या सोसायट्यांत पाणी शिरते, तेव्हा या म्हाताऱ्याची आठवण व्हावी. त्याच १९१५ साली मुंबई इलाख्यात हिंदुस्थानातील पहिला नगररचना कायदा झाला हेही येथे नमूद केले पाहिजे. जमीनमालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांना जागा काढून, नीट आखलेले भूखंड ज्याचे त्याला परत द्यावयाचे, ही त्या कायद्याची रीत. गुजरातेत आणि महाराष्ट्रात ती पुढे रुजली.

आता इंदूर. १९१७ साल गेडिस यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे. एप्रिलात अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ही बातमी आली तेव्हा पत्नी ॲना आजारी होती. गेडिस यांनी तिला ती सांगितली नाही. जूनमध्ये कलकत्त्यास ॲना वारली. मुलगा गेला हे तिला कळलेच नाही. अशा स्थितीत हा माणूस इंदूरच्या दरबाराच्या कामाला लागला. तिसरे तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते. गावात प्लेग आणि हिवताप. गेडिस नकाशे घेऊन गल्लीतून हिंडू लागले की लोक आत पळत. हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, अशी बोलवा झाली होती. यात लोकांचे काय चुकले? हातात कागद घेऊन घरांकडे पाहणारा साहेब आला की मागून कुदळ येते, हा त्यांचा अनुभव होता.

यापुढची हकीकत गेडिस यांनी स्वतः सांगितलेली आहे. सांगणारा आपली गोष्ट थोडी रंगवून सांगतो हे ध्यानात ठेवून ती ऐकावी. त्यांनी महाराजांकडे विनंती केली की मला एक दिवस इंदूरचा महाराजा करा. महाराजांनी मान्य केले. मग दवंडी पिटली की येत्या दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघणार. ती कोणत्या रस्त्याने जाणार? नेहमीच्या राजरस्त्याने नव्हे. ज्या आळीने आपली घरे अधिक झाडली, सारवली, दुरुस्त केली, त्या आळीने. कचरा गाडीत भरून द्या, वाहून नेण्याचे पैसे पडणार नाहीत. झाले! आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कोणाला वाटणार नाही? साऱ्या गावात चुरस लागली. अंगणे साफ झाली, भिंतींना रंग चढला, हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला, आणि कचऱ्याबरोबर उंदरांच्या बिळांचीही वाट लागली.

दिवाळीला मिरवणूक निघाली. हत्ती, उंट, घोडेस्वार होते. अस्वच्छतेचा एक अक्राळविक्राळ राक्षस होता. त्याच्यामागे प्लेगचा प्रचंड उंदीर, आणि त्या उंदराच्या अंगावर थरथरणाऱ्या पिसवा. हा केवळ तमाशा नव्हता. उंदरांपासून माणसांपर्यंत प्लेग पिसवांच्या मार्फत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीस दाखविले होते. रँडच्या वेळी ते ठाऊक नव्हते. वीस वर्षांनी ते शास्त्र एका सोंगाच्या पाठीवर बसून इंदूरच्या गल्लीत आले, आणि वाचता न येणाऱ्या आजीबाईलाही समजले. मागून लक्ष्मी आली. नव्या नगराचे चित्र आले. गावातील कारागिरांचे गाडे आले. आणि ज्यांची सावलीही लोक टाळीत ते झाडूवाले स्वच्छ पांढरे कपडे घालून, गळ्यात झेंडूच्या माळा घालून, मिरवणुकीत मानाने चालले. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांनाही दारूकामात जाळून टाकले. त्यानंतर लोक या म्हाताऱ्या साहेबाला पाहून आत पळेनासे झाले.

त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. नद्यांचे काठ, जुनी वस्ती, गिरण्यांचा भाग, ग्रंथालय, विद्यापीठ अशा नाना गोष्टींचा त्यात विचार आहे. तो सर्वच्या सर्व अमलात आला असे मात्र म्हणता येणार नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना नेमले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी हेरले, ते इंग्लंडला जाऊन केंब्रिजमध्ये शिकून आले, आणि १९२४ साली त्या विभागाचे प्रमुख झाले. गेडिस १९३२ साली फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे वारले.

ही कथा सांगून मी थांबलो तर ती एका मोठ्या माणसाची स्तुती होईल. तेवढाच माझा हेतू नाही. इंदूरच्या मिरवणुकीतही एक उणीव आहे. एका दिवसाचा महाराजा होण्यासाठी आधी महाराजाची मर्जी लागली. दिवाळी संपली, पाहुणा गेला, पुढे काय? गावाला स्वतःहून दुसरी मिरवणूक काढण्याची सत्ता कोठे होती? उलट गेंटच्या परिषदेत निवडून आलेले महापौर होते, कायमची संस्था होती, पत्रव्यवहाराची सोय होती. पण बाताव्हिया वाड्यातील भाडेकरूला तेथे खुर्ची नव्हती. एका ठिकाणी लोक होते आणि सत्ता नव्हती. दुसऱ्या ठिकाणी सत्ता होती आणि लोक नव्हते. नगरसुधारणेचा इतिहास पाहू गेले तर ही दोन अंगे फार क्वचित जुळलेली दिसतात.

ती जुळावी म्हणून आपल्याकडेही प्रयत्न झाले आहेत. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागताच्या शोभेसाठी पैसे खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा एकट्या जोतीरावांनी त्यास विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा असे सांगितले. ठराव अर्थातच त्यांच्या विरोधाला न जुमानता पास झाला. पण म्युनिसिपालिटीच्या मेजावर गल्लीतला माणूस बसलेला असला म्हणजे काय होते, ते त्या एका विरोधी मताने दाखविले. आपल्या घटनेत १९९२ साली चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली, आणि नगरपालिकांना घटनेचे अधिष्ठान मिळाले, पाच वर्षांची मुदत ठरली, स्त्रियांना जागा राखून मिळाल्या. तरीदेखील २०२२ साली मुदत संपल्यावर मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिका कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिल्या. आणि खेद याचा, की आपणांपैकी पुष्कळांना त्याचे फारसे काही वाटलेही नाही. नळाला पाणी येत होते ना, मग झाले!

गेंटला स्थापन झालेला तो संघ मात्र दोन महायुद्धे पचवून उरला. १९४८ साली त्याचे ठाणे हेगला गेले, आणि २००४ साली तो इतर संघांशी मिळून बार्सिलोना येथील जागतिक नगरसंघटनेत विलीन झाला. आज जगभरचे महापौर वर्षाकाठी कितीदा तरी भेटतात. हवामान, घरे, वाहतूक, जुन्या गिरण्यांच्या जागा यांवर चर्चा करतात. हे चांगलेच आहे. इंदूरचे नावही देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून सात वर्षे सतत पहिले आले. गेडिस यांच्या मिरवणुकीचा हा परिणाम, असे मी म्हणणार नाही. मध्ये शंभर वर्षे गेली आहेत, आणि ज्या सफाई कामगारांनी ते गाव झाडले त्यांचे श्रेय कोणाच्या अहवालाला देणे अन्यायाचे होईल. पण अशा परिषदेहून आपले नगरपिते परत आले म्हणजे त्यांना दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तुम्ही तेथून जी योजना आणली तिच्यात कोणाचे घर जाते? आणि ज्याचे जाते त्याला तुम्ही विचारले काय?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती नागरिकांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून सार्वजनिक गोष्टींचा विचार करावा म्हणून. तीही एक प्रकारची नगरपरिषदच होती, आणि आजची ही सभाही तशीच आहे. फरक इतकाच, की येथे ठराव पास होत नाहीत. तेव्हा घरी जाताना आपापल्या आळीतून थोडे सावकाश चालावे, कोठले तळे बुजले, कोठला बोळ अडला, कोणाचे घर रस्तारुंदीच्या रेघेत आले आहे, हे पाहावे, आणि पुढच्या वेळी वॉर्डाची सभा भरेल तेव्हा तेथे जाऊन ते सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.